मदुरांतकमच्या बसने काशीला

आमंत्रण मोबाइलवर आलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या बाहीशी भांडत होते. सांगलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि लग्नसराईत मला शिंकायलाही फुरसत नसते. तरी मशीन थांबवून वाचलं.

“आम्ही लग्न करतोय. शेतात. नक्की या. नटून येऊ नका. चिखलात चालतील असे बूट, आपापलं ताट-वाटी आणि टॉर्च आणा. झोपायला तंबू आहेत. शेवटचा टप्पा पायी. आहेर आणलात तर परत पाठवू. कावेरी आणि अमेय.”

खाली फोटो. नवरा-नवरी कुठल्याशा कड्याला दोरीने लोंबकळतायत आणि वर दात काढून हसतायत.

मी मोठ्याने म्हटलं, “अगं बाई, ही लग्नपत्रिका म्हणायची की शाळेच्या सहलीची नोटीस?”

अमेय माझ्या धाकट्या बहिणीचा, मंदाचा, मुलगा. भावजींना चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली आणि मंदाचा संसार तिकडेच झाला. पोरगा तिथंच वाढला. तमिळ फाडफाड बोलतो, मराठी बोलताना मात्र मधूनच थांबून शब्द शोधतो. शनिवार-रविवार घरात सापडत नाही. डोंगर, सायकल, नाहीतर दुर्बीण गळ्यात घालून पाखरं बघणं. तशाच कुठल्या डोंगरावर त्याला कावेरी भेटली. तीही आपल्यातलीच निघाली, पण वेगळ्या आपल्यातली. तिचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेले, घरात मराठी बोलणारे आणि बाकी सगळं तमिळ असलेले. मंदाचा जीव भांड्यात पडला होता. मला मात्र कधी एकदा हे लोक बघते असं झालं होतं.

अड्यार

गाडीतला प्रवास सांगत नाही. गाडीत सगळ्यांचं जे होतं तेच माझं झालं.

नवरीचं ब्लाउज मी शिवून नेलं होतं, तेही फोनवर मागवलेल्या मापांवर. ते अंगावर घालून बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. म्हणून मंदाने मला सरळ व्याह्यांच्या घरीच उतरवलं. अड्यारला शांत गल्लीत त्यांचा फ्लॅट आहे. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी. आपण दिवाळीला काढतो तेवढी मोठी, आणि ती म्हणे रोजच काढतात. मी ओलांडू की वळसा घालू अशी दारातच घोटाळले.

“येवा, येवा ताई. पाय पडला तरी चालतो. बसा कीं. संकोच नोको.”

हे कावेरीचे वडील, सेतूराव. बँकेतून रिटायर झालेले, उंच, सडसडीत. पांढऱ्या वेष्टीला, म्हणजे तिकडच्या धोतराला, इस्त्री अशी की माझ्यासारखीनेही मान डोलवावी. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी हसू आलं आणि मग हसायची लाज वाटली. शब्द पणजोबांच्या काळचे, आणि सूर तमिळ, वाक्याच्या शेवटी हळूच वर चढणारा. कावेरीची आई, पद्माबाई, त्याच सुरात मला “जेवाल कीं?” म्हणाल्या आणि मी दोन घास जास्तच जेवले.

जेवण काय सांगू! रसवांगी म्हणून एक प्रकार होता. वांगं, तुरीची डाळ, ओलं खोबरं आणि चिंच. आपण भरल्या वांग्याचा उगाच गर्व करतो. पानात डावीकडे डांगर वाढलं. मी म्हटलं, “अहो, हे तर आमच्याकडचंच!” उडदाचं भाजकं पीठ, दही, फोडणी. पद्माबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ते तीनदा वाढलं. कॉफी मात्र मला जमली नाही. पेला ओठाला न लावता वरून तोंडात ओतायची असते. मी ओतली ती थेट पदरावर.

सेतूराव हसले नाहीत. ते दिवसभर कशालाच हसले नव्हते, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं. लग्न दोन दिवसांवर आलेलं आणि मुलीचा बाप खुर्चीत पेपर वाचत बसलेला. आमच्याकडे एव्हाना नवरीच्या बापाचा घसा बसलेला असतो.

मला गप्प बसवत नाही. विचारलं, “काय हो, तयारी झाली का?”

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. तेच आमंत्रण. बूट, टॉर्च, ताट-वाटी.

“माझ्या मुलीनं मला पाठविलं. ऑफिसांतल्या अस्क्यांना गेलं तेंच मला आलं.” अस्के म्हणजे सगळे, पद्माबाईंनी हळूच सांगितलं. “आमच्यांत बाप कुंकू-अक्षता घेऊन घरोघर जातो, ताई. हात जोडून बोलावतो. ज्यांच्या ज्यांच्या घरच्या कार्यांत मी जेवलों, त्यांना मी काय सांगूं? मुलीचं लग्न आहे, पण बोलावायचा हक्क मला नाहीं म्हणून? मी पाहुणा आहे. पाहुण्यानं जेवायच्या वेळेस जावें, जेवावें, परत यावें. तसंच करीन.”

ते पेपर उचलून पुन्हा वाचू लागले. मी बघितलं, पेपर कालचा होता.

आतल्या खोलीत कावेरीला ब्लाउज घालून बघत होते. उन्हाने रापलेली, दंडाला कड्यावरचं खरचटलेलं, हसली की सगळी खोली उजळणारी पोरगी. पण टाचण्या लावताना तिचे खांदे हलायला लागले.

“मावशी, मी मुद्दाम नाही केलं. फोनमधले सगळे नंबर निवडले, त्यात अप्पांचाही गेला. आणि खरं सांगू, मला वाटलं घरच्या माणसाला कोण बोलावतं? जन्मभर राबले ते. आता त्यांना काही त्रास नको, आरामात येऊन बसू देत, म्हणून मी एकही काम त्यांच्यासाठी ठेवलं नाही. सॉरी म्हटलं, पाया पडले. ते म्हणाले, पाहुण्याला सॉरी कशाला?”

“पाठ सरळ ठेव. टाचणी टोचेल.”

“अप्पा जेवायलाच आले तर? ते नसताना मी अंतरपाटामागे उभी कशी राहू?”

तिचंही खरं होतं आणि त्यांचंही खरं होतं. मी बाही अर्धं बोट सैल केली आणि तिचे डोळे पुसले. संध्याकाळी ती तंबूंची गाठोडी जीपमध्ये टाकून शेतावर निघाली. निघताना वडिलांना म्हणाली, “अप्पा, येते.” त्यांनी मान हलवली, बस.

शेत

शनिवारी पद्माबाई, मी आणि मंदा निघालो. सेतूराव म्हणाले, “तुम्हीं व्हा पुढें.”

चेंगलपट्टू मागे पडलं की शहर एकदम संपतं. पोंगल नुकताच होऊन गेलेला. कापणी झालेली भातशेतं, मधे मधे ताडाची झाडं आणि जिकडेतिकडे पाण्याने भरलेले तलाव. त्याला ते एरी म्हणतात. आमच्याकडे फेब्रुवारी उजाडायच्या आत पाण्याची काळजी सुरू होते. इथे हिवाळ्याच्या शेवटीही बगळे गुडघाभर पाण्यात उभे होते. बघून डोळे निवले.

डांबरी रस्त्यावर एक चहाचं दुकान आणि बसथांबा आहे. तिथून शेताकडे जाणारी कच्ची वाट. शेजारच्या शेतकऱ्याने पाटाचं पाणी सोडलेलं, ते वाटेवर पसरलेलं. मंदा म्हणाली, “आता गं?” तेवढ्यात समोरून अमेय आला, चड्डी आणि चिखलाचे बूट घालून, दुसऱ्या दिवशीचा नवरदेव. म्हणाला, “शेवटचा टप्पा पायी, लिहिलं होतं ना!” लग्नासाठी घेतलेल्या माझ्या नव्या चपलांपैकी डावी त्या चिखलाने गिळली ती गिळलीच. उरलेली वाट मी अनवाणी चालले आणि भाच्याचा उद्धार करत चालले.

शेत त्यांच्या एका मित्राचं. चिंचेच्या दोन मोठ्या झाडांमधे मांडव म्हणून नारळाच्या झावळ्या टाकलेल्या. गावातल्या बायका चुलीवर सांबार उकळत होत्या. पोरापोरींची ही गर्दी. कोणी झाडाला झोका बांधतंय, कोणी दुर्बीण लावून आकाशात बघतंय. मी सांगलीचं भडंग नेलं होतं. दोन दिवस पुरेल अशा हिशेबाने नेलेलं ते भडंग डोंगर चढणाऱ्या त्या पलटणीने उभ्या-उभ्या फस्त केलं आणि मला “आंटी, अजून?” म्हणून विचारलं. बरं वाटलं हो. आमच्याकडच्या लग्नात तरुण मंडळी कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात. इथे भांडी घासायला रांग लागली होती.

तंबूचं मात्र विचारू नका. आत शिरताना रांगावं लागतं. चेन अडकली आणि मी आत कोंडले गेले. मंदाला हाका मारतेय तर तिला वाटलं मी आतून गमतीने बोलतेय. शेवटी बाहेर आले तर गजऱ्यासाठी पाण्यात ठेवलेली मोगऱ्याची फुलं बकरीने खाल्लेली. बकरीच्या तोंडाला काय सुवास येत होता म्हणून सांगू!

हसलो, खिदळलो. पण संध्याकाळभर कावेरीची नजर त्या वाटेकडे.

रविवार

सकाळी ताडांच्या मागून पाखरांचे थवे तलावाकडे गेले आणि सगळे बघत राहिले. दोघांनी लग्नातले बरेच विधी गाळले होते. अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी एवढंच ठेवलं होतं. मुहूर्तही त्यांच्या लेखी नव्हता, पण पद्माबाईंनी गुपचूप पंचांग बघून गुरुजींना वेळ सांगून ठेवली होती.

तेवढ्यात अड्यारहून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. साहेब डांबरी रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात बसलेत. विचारतायत, पानं कधी मांडणार?

कावेरी उठलीच. हिरवं लुगडं, मी शिवलेलं ब्लाउज आणि पायात डोंगर चढायचे बूट. “मी आणते त्यांना.”

पद्माबाईंनी तिला धरलं. “तूं गेलीस तर ते म्हणतील, पाहुण्याला कोणी ओढून नेतं का? हट्ट आहे तो.” मग जरा थांबून त्या स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाल्या, “काशीयात्रा तरी ठेवायची होती.”

“ती काय?” मी विचारलं.

तर त्यांच्याकडे अशी पद्धत. लग्नाआधी नवरदेव छत्री, काठी आणि पोथी घेऊन निघतो. म्हणतो, मला संसार नको, मी काशीला चाललो. मग मुलीचा बाप वाटेत आडवा होतो, त्याचा हात धरतो, समजूत घालून मांडवात आणतो. बापाने आडवं व्हायचं. दुसऱ्या कोणी केलेलं चालत नाही.

“ते नाटक आम्हीच काढलं, मावशी,” अमेय म्हणाला. “उगाच खोटं खोटं कशाला जायचं?”

“अरे गाढवा,” मी म्हटलं, “मग खरं खरं जा!”

त्याला कळायला जरा वेळ लागला. कावेरीला लगेच कळलं. ती रडता रडता हसली आणि धावत स्वयंपाकाच्या बाईंची काळी छत्री घेऊन आली. काठी म्हणून त्याची डोंगर चढायची काठी, पोथी म्हणून पाखरं ओळखायचं पुस्तक. वेष्टी, उपरणं, पायात बूट, मनगटावर होकायंत्राचं घड्याळ. असा बैरागी काशीने आजवर पाहिला नसेल.

वाटेत मी त्याला बजावलं, “या म्हणायचं नाही. पाया पडायचं नाही. सरळ त्यांच्यासमोरून निघून जायचं. तू काशीला चाललायस, लक्षात ठेव.”

“आणि त्यांनी अडवलं नाही तर?”

“छत्री नीट धर,” मी म्हटलं.

सेतूराव दुकानाच्या बाकावर बसले होते. वेष्टी पांढरीशुभ्र, हातात चहाचा ग्लास. अमेय त्यांच्यासमोरून गेला, ताठ मानेने, छत्री उघडून. रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. मी दुकानाशी रेंगाळले.

“ताई, हा कुठें निघाला?”

“काशीला.”

“असं.” त्यांनी चहाचा घोट घेतला.

“आमचं पोर हट्टी आहे,” मी म्हटलं. “जाईल खरोखर. अडवायला मुलीचा बाप लागतो म्हणे. पण इथे तर बापच नाही, पाहुणाच आहे एक.”

बोलून गेले आणि वाटलं, जास्त झालं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. चहावाला आणि त्याची बायको छत्रीवाल्या नवरदेवाकडे तोंडाला पदर लावून, रुमाल लावून हसत होते.

आणि बस आली.

मला वाटलं, आता अमेय मागे सरेल. पण त्याने हात केला, बस थांबली आणि बेटा चढला! कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं. त्याने खणखणीत सांगितलं, “काशी.” कंडक्टर तमिळमधे काहीतरी म्हणाला आणि सगळी बस हसली. नंतर कळलं, तो म्हणाला, ही मदुरांतकमपर्यंतच जाते, पुढचं तुमचं पुण्य. त्याने शिट्टी वाजवली. बस हलली.

कप्पाळ माझं! आता मंदाला काय तोंड दाखवू? मुहूर्त जवळ आलेला आणि मी नवरदेव बसमधे घालून दिलेला!

तेवढ्यात माझ्या शेजारून कोणीतरी सुसाट गेलं. सेतूराव. वेष्टी एका हाताने वर धरलेली, एक चप्पल बाकाखालीच राहिलेली. ते जाऊन थेट बसच्या समोर उभे राहिले, दोन्ही हात पसरून. ब्रेक असा लागला की आतल्या टोपल्या गडगडल्या. ड्रायव्हर ओरडला. सेतूराव त्याच्याहून मोठ्याने ओरडले, पण वर दारात उभ्या असलेल्या अमेयला.

“अहो, काशी उत्तरेस आहे! ही बस दक्षिणेस जाते! डोंगर डोंगर हिंडतां आणि दिशा कळत नाहीं?”

अमेयने मनगटावरचं घड्याळ बघितलं. “अप्पा, माहीत आहे. पण उत्तरेची बस उशिरा आहे.”

सेतूरावांचा चेहरा जो काही झाला! आधी राग, मग ओठ हलले, आणि मग ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते दारापाशी गेले, अमेयचा हात दोन्ही हातांत धरला. बसमधली माणसं खिडक्यांतून वाकली. त्यांचं ते जुनं मराठी तिथे कोणाला कळत नव्हतं, पण सगळे ऐकत होते.

“काशीस जाऊं नोका. आज माझ्या मुलीचं लग्न आहे. मी सेतूराव, मुलीचा बाप, स्वतः येऊन बोलावतों. तुम्हीं अगत्यानं येवा.”

मला रडू आवरेना. पदर शोधला तर त्याला अजून परवाच्या कॉफीचा वास; नटून येऊ नका म्हटल्यावर तीच साडी धुऊन नेसले होते.

अमेय उतरला आणि रस्त्यातच त्यांच्या पाया पडला. आम्हाला वाटलं, झालं, आता निघायचं. पण सेतूराव कुठले ऐकतात! बोलायला तोंड फुटलं होतं. ते कंडक्टरकडे वळले, हात जोडले आणि तमिळमधे सुरू झाले. मग ड्रायव्हर. मग खिडकीखिडकीशी जाऊन बसमधली माणसं. ड्रायव्हरने परतीच्या फेरीला थांबतो असं कबूल केलं. बाजाराच्या टोपल्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या तिथेच खाली उतरल्या. चहावाल्याला त्यांनी सांगितलं, दुकान बंद कर, आज घरात कार्य आहे. त्याने खरंच फळी ओढली.

चिखलाच्या वाटेला लागल्यावर त्यांनी वेष्टी दुमडून गुडघ्यावर बांधली आणि उरलेली चप्पल हातात घेतली. कापणी झालेल्या शेतात एक माणूस बदकांचा कळप चारत होता. सेतूराव बांधावरून त्याच्याकडे गेले. हात जोडले. तो गोंधळला, त्याने बदकांकडे बोट दाखवलं. त्यांनाही घेऊन ये, असं सेतूराव म्हणाले असावेत, कारण थोड्या वेळाने आमच्यामागून क्वॅक क्वॅक असा आवाज यायला लागला.

अशी आमची वरात शेतावर पोचली. पुढे सेतूराव आणि छत्रीवाला नवरदेव, मागे चहावालं जोडपं, म्हाताऱ्या, मी आणि बदकं. मंदा माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “अगं, भात पुरेल का?” मी म्हटलं, “आणखी टाक.”

कावेरी वाटेवरच उभी होती. धावत आली आणि वडिलांसमोर थांबली. लुगड्याचा काठ चिखलात, नाक लाल.

“अप्पा, कुठे होतात तुम्ही? सकाळपासून वाट बघतेय मी!”

सेतूरावांनी तिच्याकडे बघितलं. मागे वळून आमच्या त्या रांगेकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर घाम. चिखलाचा हात उपरण्याला पुसून त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला.

“आमंत्रणं करायला गेलों होतों,” ते म्हणाले. “थोडीं राहिलीं होतीं.”